नवी सुई बसवली तरी बाजूच्या शेवटी 'स' फाटतो: शोध कुठून सुरू करायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. टर्नटेबलसोबत आलेलं कार्ट्रिज (सुई बसते तो छोटा डबा) काढलं आणि बऱ्यापैकी पैसे मोजून नवं बसवलं. रेकॉर्डच्या बाजूच्या सुरुवातीला मन खूश होतं. तानपुरा मोकळा झाला, तबल्यावरची बोटं वेगवेगळी ऐकू यायला लागली. पण बाजू संपत आली की 'स', 'श', 'छ' फिसकारायला लागतात, तार सप्तकातला स्वर कडेने फाटतो, सतारीच्या झाल्यातल्या चिकारीच्या तारांवर कचकच येते. सुई साफ केली की जरा बरं वाटतं, थोड्या दिवसांनी परत तेच. मग आणखी वरच्या सुईच्या किमती बघणं सुरू होतं.

त्या किमती बघण्याआधी एवढं लक्षात घ्या. शेवटच्या इंचात आवाज फाटण्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात: सुईच्या टोकाचा आकार; कार्ट्रिजची मांडणी, म्हणजे ते आर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) नेमकं कुठे आणि कोणत्या कोनात बसवलंय; सुईवरचा भार आणि अँटिस्केट (आर्मला मध्याकडे ओढणाऱ्या ओढीविरुद्धचा ताण); किंवा खुद्द रेकॉर्डची झीज. बारीक टोकाची सुई यातल्या पहिल्या कारणावरच थेट इलाज करते. मांडणी चुकली असेल तर ती चूक अशी सुई आणखी उघडी पाडते. म्हणून महाग सुई लावून आवाज बिघडला असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात.

आतल्या खाचा एवढ्या अवघड का

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुरुवातीलाही आणि शेवटीही. फेऱ्याचा घेर मात्र लहान होत जातो. बाहेरच्या खाचेची त्रिज्या साधारण १४६ मिलिमीटर असते, सर्वांत आतल्या खाचेची ६० च्या आसपास. त्यामुळे सुईखालून खाच सरकण्याचा वेग सेकंदाला ५१ सेंटिमीटरवरून २१ वर येतो. १० किलोहर्ट्झच्या एका कंपाला बाहेर ५१ मायक्रॉन जागा मिळते, आत जेमतेम २१.

वळणांचा हिशेब याहून कडक आहे, कारण वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने घटते. १० किलोहर्ट्झचा आवाज सेकंदाला १० सेंटिमीटर इतक्या शिखर-वेगाने कोरला असेल तर बाहेर त्या वळणाची त्रिज्या सुमारे ४१ मायक्रॉन असते, आत फक्त ७. साध्या कोनिकल सुईच्या गोल टोकाची त्रिज्या १५ मायक्रॉनच्या घरात असते. बाहेरचं वळण ती आरामात घेते. आत मात्र तिचं घाटातल्या हेअरपिनवर लांबलचक ट्रक आल्यासारखं होतं. वळणाच्या पोटात ती शिरूच शकत नाही, कड कापून पुढे जाते, आणि जे ऐकू येतं ते खाचेत कोरलेलंच नसतं.

त्यात पिंच इफेक्टची भर. खाच कोरणारी सुई चपट्या तोंडाची असते आणि वाचणारी गोल. खाच जिथे तिरकी धावते तिथे ती प्रत्यक्षात अरुंद होते, गोल टोक दोन भिंतींत चिमटलं जाऊन वर उचललं जातं. हे एका कंपात दोनदा घडतं, म्हणून मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा एक उपरा आवाज मिसळतो. तो खालीवर हालचालीतून येतो हे लक्षात ठेवा, मोनो रेकॉर्डच्या वेळी त्याचा उपयोग होणार आहे.

आपलं संगीत ऐकणाऱ्यांची यात खास पंचाईत आहे. पॉप रेकॉर्ड तयार करणारा निर्माता संथ, हलक्या आवाजाचं गाणं बाजूच्या शेवटी ठेवून सुटका करून घेऊ शकतो. ख्यालाचा क्रम कसा उलटा करणार? विलंबित बाहेरच्या प्रशस्त खाचांत निवांत पसरतो आणि द्रुतातल्या ताना, तराणा, सतारीचा झाला, म्हणजे सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात चढा भाग, नेमका आतल्या चिंचोळ्या जागेत येतो. वीस-बावीस मिनिटांची बाजू असेल तर खाच लेबलच्या बरीच जवळ जाते. त्यामुळे जॅझ किंवा रॉक ऐकणारा ज्याला 'चालतंय की' म्हणेल त्या मांडणीतली चूक आपल्याला आधी ऐकू येते.

आधी कानाने निदान

आवाज फाटला की तिथेच आर्म उचला. सुईच्या टोकावर धुळीची गुठळी आहे का बघा, ब्रशने मागून पुढे साफ करा (पुढून मागे किंवा आडवा ब्रश मारलात तर कँटिलिव्हर, म्हणजे टोक धरणारी बारीक दांडी, जाईल) आणि तोच भाग परत वाजवा. आता स्वच्छ वाजला तर आतल्या खाचांना दोष देऊ नका. अस्वच्छ रेकॉर्डवर सुई वीस मिनिटं चालली की ती तेवढा कचरा गोळा करत आलेली असते, म्हणून त्रास शेवटीच जाणवतो. 'साफ केल्यावर बरं, आठवड्याने परत तेच' या तक्रारीचा उलगडा बऱ्याचदा एवढाच असतो. इलाज रेकॉर्ड धुण्याचा आहे, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत दोन-तीन पावसाळे कपाटात काढलेल्या आणि बुरशीचे ठिपके आलेल्या रेकॉर्डचा. डिस्टिल्ड वॉटर आणि द्रव साबणाचे दोन-चार थेंब पुरतात. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवा. अल्कोहोल असलेलं द्रावण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते.

सुई स्वच्छ असूनही फाटत असेल तर हेडफोन लावा आणि कुठल्या कानात जास्त फाटतं ते ऐका. खाचेची आतली भिंत डाव्या चॅनेलची, बाहेरची उजव्याची. फिरती रेकॉर्ड आर्मला मध्याकडे ओढत असते, म्हणून सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची तिची पकड सैल होते. उजवा कान आधी फाटत असेल तर अँटिस्केट कमी आहे, डावा फाटत असेल तर जास्त. दोन्ही सारखेच फाटत असतील तर मांडणी, भार किंवा टोकाचा आकार यांपैकी काहीतरी.

फाटणं एकाच कानात आहे आणि अँटिस्केट हलवूनही फरक पडत नाही, तर हेडशेलमधल्या (आर्मच्या टोकाशी कार्ट्रिज बसतं त्या भागातल्या) तारांची अदलाबदल करून बघा. पांढरी आणि निळी डाव्याची, लाल आणि हिरवी उजव्याची. अदलाबदलीनंतर दोष दुसऱ्या कानात गेला तर तो कार्ट्रिज किंवा रेकॉर्डमध्ये आहे. जागेवरच राहिला तर फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आणि पुढची वायरिंग तपासा.

तिसरी चाचणी सर्वांत सोपी आणि बहुतेक जण तीच विसरतात: बाजूच्या सुरुवातीलाही 'स' टोचतो का? पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सारखाच टोचत असेल तर आतल्या खाचांचा इथे संबंध नाही. मूव्हिंग मॅग्नेट (चुंबक हलणारं, नेहमीचं) कार्ट्रिज ४७ किलोओम आणि ठरावीक कपॅसिटन्सवर (तारा आणि फोनो स्टेजच्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) सपाट वाजतं. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका १०० ते २०० पिकोफॅरड मागते, ऑर्टोफोनची २एम मालिका १५० ते ३००. आर्मची तार, बाहेरची केबल आणि फोनो स्टेज मिळून आकडा याच्या फार वर गेला तर वरच्या पट्टीत उंचवटा तयार होतो आणि 'स'ला धार येते. आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल इथे नव्या सुईपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि सगळंच सगळीकडे फाटत असेल तर टर्नटेबलच्या मागचं बटण बघा: अंगभूत प्रीअँप चालू ठेवून तार अँपच्या फोनो सॉकेटमध्ये तर खोचलेली नाही ना?

मांडणी

इथे घाई करू नका, कारण बहुसंख्य प्रकरणं इथेच मिटतात.

कोरणारं यंत्र सरळ रेषेत सरकतं, आपला आर्म कंसात फिरतो. त्यामुळे सुई खाचेला तंतोतंत समांतर फक्त दोन ठिकाणी येते, त्यांना शून्यबिंदू म्हणू. हे गणित १९३८ मध्ये लॉफग्रेन यांनी आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी मांडलं. बेअरवाल्डच्या मांडणीत हे बिंदू ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. स्टीव्हन्सनच्या मांडणीत ६०.३ आणि ११७.४ वर, म्हणजे आतला बिंदू जवळजवळ शेवटच्या खाचेवरच. टेक्निक्सच्या एसएल-१२०० ला सोबतच्या ५२ मिलिमीटर मापाने बसवलं तर आतला बिंदू ५९ च्या जरासा अलीकडे पडतो. तीही स्टीव्हन्सनच्याच वळणाची मांडणी.

कुठली घ्यावी? पूर्ण बाजूचा विचार केला तर बेअरवाल्ड सरस ठरते. पण तुमच्या कपाटात बहुतांश शास्त्रीय संगीत असेल आणि तक्रार फक्त द्रुताच्या शेवटाची असेल, तर स्टीव्हन्सन करून बघायला काहीच हरकत नाही. मधल्या भागात थोडा तोटा होतो, पण तो भाग मुळात प्रशस्त असतो, चूक सहन करतो.

कुठलीही निवडलीत तरी ती नेमकी बसली पाहिजे. ९ इंची आर्मवर, समजा २३० मिलिमीटर लांबीच्या, सुई फक्त २ मिलिमीटर पुढे बसली तर बाहेरच्या खाचेत कोन ०.६ अंशाच्या आसपास बदलतो आणि आतल्या खाचेत जवळजवळ दोन अंश. एवढीशी चूक पहिल्या गाण्यात कळतच नाही आणि शेवटच्यात सगळं सांडते.

प्रोट्रॅक्टर (मांडणी जुळवण्यासाठी रेषा आखलेला नकाशा) कागदावर छापणार असाल तर प्रिंटरमध्ये आकारमान १०० टक्के ठेवा आणि छापल्यावर त्यावरची मापनरेषा पट्टीने मोजा. 'फिट टू पेज' चालू राहिल्याने चुकलेल्या मांडण्या कमी नाहीत. रेषेशी समांतर करायचा तो कँटिलिव्हर, कार्ट्रिजचं डबडं नव्हे. स्वस्त सुयांत कँटिलिव्हर डब्यात किंचित तिरका बसलेला असतो, आणि खाचेला डब्याशी काही देणंघेणं नसतं.

भाराला डिजिटल काटाच हवा, आर्मच्या मागच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नका. काट्याची ताटली लोखंडाची नको, कार्ट्रिजमधला चुंबक तिच्याकडे ओढला जाऊन आकडा चुकतो. व्हीएम९५ मालिकेतल्या एलपीच्या सुयांची मर्यादा १.८ ते २.२ ग्रॅम आहे, २ ग्रॅमला ठेवा. हलक्या भाराने रेकॉर्ड कमी झिजते हा समज फार चिवट आहे. भार कमी पडला की सुई खाचेत उड्या मारते, आणि भिंतीवर आपटणारं हिऱ्याचं टोक दाबून चालणाऱ्या टोकापेक्षा जास्त नुकसान करतं. शंका असेल तेव्हा मर्यादेच्या वरच्या टोकाकडे जा.

अँटिस्केटचा आकडा भाराइतकाच ठेवून सुरुवात करा आणि मग हेडफोनने ठरवा. कोऱ्या, बिनखाचांच्या तबकडीवर आर्म स्थिर राहीपर्यंत फिरवायची पद्धत दिसायला शास्त्रीय आहे, पण कोऱ्या पृष्ठभागावरचं घर्षण आणि आवाज कोरलेल्या खाचेतलं घर्षण सारखं नसतं. मी ती फक्त ढोबळ अंदाजापुरती वापरेन.

आर्मच्या उंचीबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त डोकं पिकवतात. २३० मिलिमीटरच्या आर्मवर एक अंश बदलायला मागचं टोक ४ मिलिमीटर वरखाली करावं लागतं. रेकॉर्ड वाजत असताना आर्म पृष्ठभागाला समांतर दिसला की पुरे. समोरून बघताना सुई सरळ उभी आहे ना, एवढं मात्र छोट्या आरशावर टेकवून तपासा.

आता सुईच्या आकाराकडे

तुलना प्रामाणिक हवी असेल तर डबा तोच ठेवून सुई बदलता आली पाहिजे. व्हीएम९५ मालिका यासाठी सोयीची आहे, कारण सगळ्या सुया एकाच डब्यात बोटाने निघतात आणि बसतात. साध्या इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकवाल्या सुईने (व्हीएम९५ई) मांडणी जमवायची, मग फक्त सुई बदलायची. तरी बदलल्यावर टोकाची जागा प्रोट्रॅक्टरवर एकदा ताडून घ्या, थोडासा फरक पडू शकतो.

वर काढलेला ७ मायक्रॉनचा आकडा समोर ठेवला की आकारांचं कोडं बरंच सुटतं. कोनिकलचं टोक १५ मायक्रॉन, ते बाद. इलिप्टिकलची बाजूची त्रिज्या ७.६ मायक्रॉन, म्हणजे अगदी काठावर: मांडणी उत्तम असेल तर निभावते, जरा चुकली की फाटते. शिबाटा या आणखी बारीक आकाराची ६.६. त्याहून बारीक मायक्रोलिनियरची ३, म्हणजे वळण आपल्यापेक्षा दुप्पट मोठं आहे अशा थाटात ती जाते.

हे आकडे नीट बघा, कारण जाहिरातींतून वेगळंच चित्र उभं राहतं. शिबाटा सुई जपानच्या जेव्हीसीतले अभियंता नोरिओ शिबाटा यांनी सीडी-४ या चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी तयार केली. त्या रेकॉर्डवर ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरलेली असे, ती वाचू शकेल असं टोक हवं होतं. शिबाटाचं खरं वैशिष्ट्य भिंतीला उभ्या रेषेत टेकणं हे आहे. स्पर्श लांब झाल्याने दाब विभागतो, झीज कमी होते, भरदार आवाज मिळतो. पण शेवटच्या खाचेतला 'स' हीच तुमची एकमेव तक्रार असेल, तर माझं मत मायक्रोलिनियरकडे झुकतं. नाव कमी भारदस्त असलं तरी या एका कामात ती पुढे आहे.

'नेकेड' आणि 'बाँडेड' यांतही फरक आहे. बाँडेडमध्ये हिऱ्याचा छोटा तुकडा धातूच्या काडीला चिकटवलेला असतो, नेकेडमध्ये सबंध काडीच हिऱ्याची. हलणारं वजन कमी झालं की सुई झपाट्याचे बदल जास्त चांगले झेलते. ऑर्टोफोनच्या २एम रेड आणि ब्लूमधला मुख्य फरक हाच. दोन्ही इलिप्टिकल आहेत, रेड बाँडेड आणि ब्लू नेकेड, आणि ब्लूची सुई रेडच्या डब्यावर बसते. ब्राँझ आणि ब्लॅकची जोडी वेगळी, त्या सुया या डब्यासाठी नाहीत.

आयुष्याचा हिशेबही करा. ऑडिओ-टेक्निकाच्या सांगण्याप्रमाणे कोनिकल सुई ५०० तास, इलिप्टिकल ३००, शिबाटा ८०० आणि मायक्रोलिनियर १००० तास चालते. एलपीच्या दोन बाजू मिळून पाऊण तास धरला तर इलिप्टिकल ४०० एलपींत संपली. तासाला किती पडतात हे काढलं की मायक्रोलिनियर वाटते तेवढी महाग राहत नाही. झिजलेली इलिप्टिकल हेही शेवटच्या खाचांत फाटण्याचं मोठं कारण आहे. टोकाला सपाट कडा आल्या की बाजूच्या त्रिज्येचा फायदाच उरत नाही.

बिननावाच्या 'डायमंड' सुयांपासून लांब राहा. वेष्टनावर इलिप्टिकल लिहिलेलं असतं आणि भिंगाखाली टोक वेडंवाकडं दिसतं. जुन्या साठ्यातल्या कोऱ्या मूळ सुयांबद्दलही सावध असा: हिरा न वापरलेला असला तरी कँटिलिव्हर धरणारं रबर वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं असतं, आणि कडक रबराची सुई पहिल्या दिवसापासून फाटते.

आणि दोष रेकॉर्डचाच असेल तर

चोरबाजारातून किंवा कुणाच्या माळ्यावरून आलेल्या एलपी अनेकदा सुटकेसवजा प्लेअरवर, सिरॅमिक कार्ट्रिजच्या जड सुईखाली वाजून आलेल्या असतात. आतल्या खाचांतली वळणं तिथेच कापली गेली आहेत, आणि ती कुठलीही सुई परत आणणार नाही. खात्रीसाठी एखादी नवी, कधीच न वाजलेली रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐका. ती स्वच्छ वाजली तर तुमची मांडणी बरोबर आहे, खर्च थांबवा.

तरी अशा रेकॉर्डवर बारीक सुईचा एक फायदा मिळू शकतो. कोनिकलने भिंतीचा एक ठरावीक पट्टा घासलेला असतो, उभ्या रेषेत टेकणारी सुई त्याच्या वरखालच्या शाबूत भागालाही टेकते. कधी आवाज चकित करण्याइतका सुधारतो. कधी उलट तळाशी साचलेली माती उकरली जाऊन करकर वाढते. वाजवल्याशिवाय कळत नाही.

मोनो एलपी असेल तर आधी अँपचं मोनो बटण दाबा. एचएमव्हीच्या भारतीय एलपींत ईएएलपी आणि ईसीएलपी या धाटणीचे क्रमांक मोनोचे असतात. ईएएसडी आणि ईसीएसडी स्टिरिओचे. मोनोत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. दोन चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीतून आलेलं सगळं, पिंच इफेक्टचा तो उपरा आवाज आणि बरीचशी खरखर, आपोआप वजा होतं. जुन्या नाट्यगीतांच्या एलपींवर या फुकटच्या बटणाने जेवढा फरक पडतो तेवढा कित्येक सुयांनी पडत नाही. ७८ च्या तबकड्यांना मात्र यातली कुठलीच सुई लावू नका, त्यांची खाच रुंद असते. व्हीएम९५ डब्यावर त्यासाठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी एसपी सुई मिळते.

ज्यांच्या टर्नटेबलला भार, अँटिस्केट, ओव्हरहँग (सुई किती पुढे बसते ते) यांपैकी काहीच फिरवता येत नाही, फक्त सुई बदलता येते, त्यांनी मायक्रोलिनियरच्या मागे लागू नये. तिथे चांगल्या बनावटीची ताजी मूळ सुई वेळेवर बदलत राहणं एवढंच हातात आहे, आणि उरलेले पैसे बाजूला ठेवले तर ते आर्म जुळवता येणाऱ्या टर्नटेबलच्या कामी येतील.